गेटबाहेर उभी गाडीसुद्धा डिझेल जाळते

प्रति,
मराठवाड्यातील कारखानदार, अडत व्यापारी, डाळमिल चालक आणि साखर कारखान्यांची संचालक मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जालन्यातला वाहतूकदार. वडील आधी ड्रायव्हर होते, मग एका गाडीचे मालक झाले. त्यांनी वाढवलेला धंदा आता मी बघतो. तुमची सळई, सरकी, सोयापेंड, खत, तूरडाळ आमच्या गाड्यांतून जाते. भाड्यावरून आपली घासाघीस रोजच चालते आणि ती चालत राहील. आज लिहितोय तो विषय मात्र भाड्याचा नाही, डिझेलचा आणि धुराचा आहे.

अलीकडे मोठ्या कंपन्यांकडून आम्हाला फॉर्म यायला लागले आहेत. गाडी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) आहे का, लिटरला किती किलोमीटर जाते, वर्षाला फेऱ्या किती, जीपीएस आहे का. हे कुठून आले ते आम्हाला ठाऊक आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. कंपनीचा माल दुसऱ्याच्या गाडीतून गेला, तरी त्या गाडीच्या धुराचा हिशेब कंपनीने मांडावा, असा जगभर आग्रह वाढतो आहे. आग्रह योग्यच आहे. पण होते काय, तर फॉर्म कंपनीकडून पुरवठादाराकडे जातो, पुरवठादाराकडून मोठ्या ट्रान्सपोर्टकडे, तिथून आमच्यासारख्या लहान गाडीमालकाकडे, आणि शेवटी त्यातले सगळे प्रश्न ड्रायव्हरच्या डोक्यावर येऊन पडतात. गाडी हळू चालव, गिअर नीट टाक, डिझेल वाचव.

ड्रायव्हरने नीट गाडी चालवली तर डिझेल वाचते, यात वाद नाही. पण आमच्या धंद्यात फुकट जळणाऱ्या डिझेलपैकी पुष्कळसे तुमच्या गेटबाहेर आणि रिकाम्या परतीच्या रस्त्यावर जळते. तिथे ड्रायव्हरचे काही चालत नाही आणि माझेही नाही. तिथे फक्त तुमचे चालते. ते कमी करायला लागणारी माहिती आमच्या गाड्यांत आजच जमा होते आहे आणि कुणीही न बघता तशीच पडून आहे. म्हणून हे पत्र.

आता भाडे ठरवताना तुमच्या माणसांचा पहिला प्रश्न असतो, "जीपीएस चालू आहे ना?" चालू आहे. डॅशबोर्डच्या मागे तळहातावर मावेल एवढी डबी बसवलेली असते. ती उपग्रहांवरून गाडीची जागा काढते आणि आतल्या सिमकार्डावरून काही सेकंदांच्या अंतराने सर्व्हरला पाठवते. इग्निशनची वायर तिला जोडलेली असते, त्यामुळे इंजिन चालू आहे की बंद, हेही तिला कळते. टाकीत सेन्सर टाकला तर डिझेलची पातळीसुद्धा दिसते. राज्य सरकारने गौण खनिजांच्या वाहतुकीला जीपीएस सक्तीचे केले, तेव्हापासून गोदाकाठच्या वाळूच्या हायवांनाही (मोठ्या टिपरांनाही) ही डबी लागली. म्हणजे आपल्या भागात या यंत्राची नवलाई कधीच संपली आहे.

संपली नाही ती त्याचा वापर एकाच कामासाठी करण्याची सवय. तुम्ही त्यावर बघता गाडी कुठवर आली. आम्ही बघतो डिझेल कुणी काढले का, ड्रायव्हर ठरलेला रस्ता सोडून गेला का. दोघांचाही डोळा चोरीवर. वाया काय गेले, हे त्यात कुणी शोधत नाही.

माझ्या एका गाडीची रात्र सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही, कारण असे एकाच ठिकाणी होते असे नाही. गाडी सळई भरायला रात्री पावणेअकराला गेटवर पोहोचली. मोबाईलवर तिचा प्लेबॅक लावला की रस्त्यावरचा पट्टा तीन रंगांत दिसतो. चालू गाडी हिरवी, इंजिन बंद करून उभी असलेली लाल, आणि इंजिन चालू ठेवून उभी असलेली पिवळी. पावणेअकरापासून पहाटे पाचपर्यंत त्या पट्ट्यात पिवळे तुकडे आणि त्यांच्या मधे हिरवे ठिपके. एकेक हिरवा ठिपका म्हणजे चाळीस-पन्नास फूट. पुढची गाडी आत गेली की रांग सरकते, रांग सरकली की गाडी पुढे घ्यायची. झोप लागली तर मागचा पुढे घुसतो आणि मग भांडण. त्यामुळे ड्रायव्हर झोपत नाही. इंजिन दर वेळी बंदही करत नाही, कारण जुन्या गाडीची बॅटरी अशक्त असते आणि चार वेळा सेल्फ मारला की पाचव्यांदा मारेल याचा भरवसा नसतो. मे महिन्यात तर केबिनमधला पंखा बंद करून बसताच येत नाही. सकाळी गाडी आत गेली, काट्यावर रिकामे वजन झाले, आणि तिथे कळले की ऑर्डरमधली आठ एमएमची सळई अजून रोलच झालेली नाही. दुपारनंतर होईल.

हे शेवटचे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाने ऐकले आहे. रोलिंग मिलमध्ये एका मापाची सळई काढून झाली की रोल बदलावे लागतात, मगच दुसरे माप निघते. त्यात कुणाचा दोष नाही, ते काम तसेच असते. पण आठ एमएम कधी निघणार हे मिलच्या फोरमनला आदल्या दिवशीच माहीत असते. डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाला, ते माहीत नसते, किंवा माहीत असूनही "गाडी लावून ठेवा" असे सांगितले जाते, कारण गाडी उभी ठेवायला तुम्हाला एक रुपयाही पडत नाही.

पडतो तो असा. उभी गाडी इंजिन चालू ठेवून तासाला साधारण दोन लिटर डिझेल पिते. गाडी मोठी असली, एसी चालू असला तर त्याहून जास्त. समजा रात्रभराच्या रांगेत चार तास इंजिन चालू राहिले, तर आठ लिटर गेले. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका गाडीमागे एकवीस-बावीस किलो. रोज अशा पन्नास गाड्या रांगेत असतील तर चारशे लिटर डिझेल आणि एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड, आणि एवढे जाळून एकही क्विंटल माल एक किलोमीटरही पुढे गेलेला नसतो. त्यात नव्या बीएस-६ गाड्यांचे आणखी एक दुखणे आहे. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारे फिल्टर असते. गाडी भरधाव चालली की ते तापते आणि काजळी जळून जाते. तासन्तास उभ्या उभ्या इंजिन चालले की ते तापतच नाही आणि तुंबते. प्रदूषण कमी व्हावे म्हणून जादा पैसे मोजून जी गाडी घ्यायची, तिलाच रांगेत उभी करून आपण आजारी पाडतो.

रेल्वेचा कारभार बघा. जालन्याला, परभणीला, लातूरला खताची रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागते. ठरलेल्या तासांत वॅगन रिकाम्या झाल्या नाहीत तर रेल्वे दर वॅगनला, दर तासाला डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लावते. म्हणून रेक लागली की रात्री बारालासुद्धा हमाल, मुकादम, कंपनीचा माणूस सगळे हजर. बंदरात कंटेनर जास्त दिवस पडला तरी दंड. तासाला किंमत लावली की माणसे आपोआप वेळेवर कामाला लागतात, हे तुम्हीच आम्हाला रोज दाखवता. त्याच रेक पॉइंटवर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकच्या तासाला मात्र काही किंमत नाही. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, मागितले तर "एवढ्यावरून काय धरून बसता" हे उत्तर ठरलेले, आणि पुढच्या खेपेला ती ऑर्डर दुसऱ्याला.

म्हणून पहिली मागणी. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, या दोन वेळांची नोंद करायला सुरुवात करा: गाडी गेटवर पोहोचली ती वेळ आणि गेटमधून बाहेर पडली ती वेळ. पोहोचल्याची वेळ जीपीएस सांगेल, त्यात तुमच्या वॉचमनला किंवा आमच्या ड्रायव्हरला खोटे बोलायला जागा राहणार नाही. आठवड्याच्या शेवटी या वेळा डिस्पॅचच्या टेबलावर राहू नयेत, मालकांच्या टेबलावर जाव्यात. मला खात्री आहे, बऱ्याच मालकांना आपल्याच गेटबाहेर काय चालते ते माहीत नाही. एकदा आकडे डोळ्यांसमोर आले की पुढचे मला सांगावे लागणार नाही.

पुढची पायरीही अवघड नाही. गेटभोवती नकाशावर वीस-पंचवीस किलोमीटरचे कुंपण आखता येते. गाडी त्यात शिरली की डिस्पॅचच्या स्क्रीनवर आपोआप नोंद होते आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर टोकन आणि वेळ जाते: तुमचा नंबर सकाळी साडेसातला. मग ड्रायव्हर ढाब्यावर गाडी लावील, इंजिन बंद करील, आंघोळ करील, झोपेल. गेटबाहेर रांगच राहणार नाही. रस्त्याच्या कडेला अंधारात उभ्या ट्रकला मागून मोटारसायकल धडकते, तेही टळेल. एवढ्यासाठी नवे यंत्र घ्यायला नको. गाड्यांच्या जागा आमच्या सर्व्हरवर आहेत, लोडिंगचा कार्यक्रम तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. हे दोन्ही एकमेकांना दिसले की झाले.

रिकाम्या परतीचा प्रश्न याहून मोठा आहे. आणि मराठवाड्यापुरते बोलायचे तर याहून जास्त मन दुखवणारा.

जालन्याच्या भट्ट्यांना भंगार लागते. त्यातले बरेच बंदराकडून येते. जालन्याची सळई राज्यभर जाते. बारा मीटरची सळई लांब बॉडीच्या गाडीत किंवा ट्रेलरवरच बसते, भंगार दुसऱ्या प्रकारच्या गाडीत येते, कंटेनर तिसऱ्याच. म्हणजे प्रत्येक गाडीला प्रत्येक माल चालत नाही, हे मी कबूल करतो, आणि सगळ्या गाड्या दोन्ही बाजूंनी भरून धावतील असे स्वप्न दाखवत नाही. पण जे जुळू शकते तेही आज जुळत नाही. न्हावा-शेव्यावरून कंटेनर भरून जालन्यात येतो, इथे रिकामा होतो आणि रिकामाच परत जातो. त्याच आठवड्यात वाळूजचा किंवा लातूरचा निर्यातदार रिकामा कंटेनर मागवतो, तो न्हावा-शेव्यावरून निघतो आणि रिकामाच इकडे येतो. दोन्ही रिकाम्या गाड्या नाशिक रोडवर किंवा समृद्धीवर एकमेकींना ओलांडून जातात. जालन्याच्या ड्रायपोर्टचे भूमिपूजन २०१५ साली झाले, ते नेमके याच दुखण्यावर औषध म्हणून: कंटेनर इथेच उतरावा, इथेच पुन्हा भरावा, आणि जमेल तितका रेल्वेने जावा. त्या प्रकल्पाचे गाडे पुढे सरकावे म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून जोर लावला पाहिजे, ते वेगळे. पण जुळवाजुळव करायला ड्रायपोर्टची वाट बघायची गरज नाही.

हिशेब सांगतो. पुण्याला माल टाकून गाडी रिकामी जालन्याला आली तर अंदाजे तीनशे किलोमीटर. रिकामी मोठी गाडी लिटरला पाचेक किलोमीटर देते असे धरा. साठ लिटर डिझेल, एकशे साठ किलो कार्बन डायऑक्साइड. हा खर्च तुमच्या जातानाच्या भाड्यात लपलेला असतोच, कारण रिकाम्या फेरीचे डिझेल मी घरून भरत नाही. म्हणजे रिकामी गाडी फिरते तीही तुमच्याच पैशावर.

मग जुळत का नाही? परतीचा माल मिळतो तो दलालाच्या फोनवर. दलालाला त्याच्या ओळखीच्या दहा गाड्या आणि दहा पार्ट्या माहीत असतात, अकरावी नाही. दलालांना नावे ठेवायला मी हे लिहीत नाही. अनोळखी गावात ड्रायव्हर अडकला तर त्याला अॅडव्हान्स देणारा, जेवायला घालणारा तोच असतो. पण एका माणसाच्या डायरीत मावतील तेवढेच सौदे होणार. आणि व्यापारी आपली माहिती उघडी करायला भितात: माझा माल कुठे जातो, कुणाला जातो, कोणत्या भावाने जातो हे समोरच्या दुकानदाराला कळले तर?

ही भीती खरी आहे आणि तिचा मान ठेवूनच मार्ग काढता येतो. कुणाचा माल आणि काय भाव, हे सांगायचेच नाही. फक्त एवढे सांगायचे: अमुक वेळेला, अमुक तालुक्यात, अमुक लांबीच्या बॉडीची, अमुक टनाची गाडी रिकामी होणार आहे, आणि अमुक तालुक्यातून अमुक दिशेला एवढे टन जाणार आहेत. गाडी कधी रिकामी होणार हे आज अंदाजाने सांगतात, म्हणून कुणी भरवसा ठेवत नाही. जीपीएसवरून ते तासाच्या फरकाने सांगता येते. जालन्याच्या आणि संभाजीनगरच्या उद्योजक संघटना, लातूरचे व्यापारी आणि आम्ही वाहतूकदार, एवढ्यांनी मिळून असा एक फलक चालवला तरी बरेच होईल. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आणले. त्यात वाहन, फास्टॅग, रेल्वे, बंदरे अशा वेगवेगळ्या खात्यांची माहिती एका ठिकाणी जोडणारी यूलिप नावाची व्यवस्था आहे. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे, माल नेताना लागणारे ऑनलाइन ई-वे बिल २०१८ पासून आहे. गाडी कोणत्या टोलवरून किती वाजता गेली, तिच्यात कुठून कुठला माल आहे, हे सरकारदरबारी नोंदलेले असतेच. आपल्याच गाड्यांची माहिती आपल्याच कामाला लावायची आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

इथे साखर कारखान्यांच्या संचालकांशी थोडे वेगळे बोलतो.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की बीड, धारूर, वडवणी, शिरूर, पाटोद्यातून कोयते, म्हणजे ऊसतोडणीच्या जोड्या, निघतात. मराठवाड्यातले कारखाने, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. फडात काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको, पण वाहतुकीच्या बाजूने सांगतो. दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि मग गाडीची वाट बघायची. गाडी कारखान्याच्या यार्डात अडकलेली. कुणालाच माहीत नाही ती कधी खाली होणार. ती आली रात्री एकला, कधी दोनला. मग सगळ्यांनी उठायचे. बायांनी डोक्यावर चुंबळ ठेवायची, मोळी घ्यायची आणि अरुंद फळीवरून अंधारात ट्रकवर चढायचे. गाडी भरली की पहाट, आणि पुन्हा फडात. बैलगाडीवाल्यांचे बैल यार्डात जू मानेवर घेऊन उभे.

गाडी अमुक वेळेला यार्डातून निघाली आणि दीड तासात फडावर पोहोचेल, एवढा एक मेसेज मुकादमाच्या मोबाईलवर आला तर ती माणसे निदान तोवर निवांत झोपतील. आणि यार्डात किती गाड्या उभ्या आहेत हे बघून तोडीचा कार्यक्रम दिला तर गाडी भलत्या वेळी फडावर येणारच नाही. यात कारखान्याचा तोटा नाही, उलट फायदाच आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते आणि साखरेचा उतारा घसरतो, हे तुमचे केमिस्ट मला शिकवतील. वजन घटले तर शेतकऱ्याचा तोटा, उतारा घसरला तर तुमचा, यार्डात ट्रॅक्टर धडधडत उभा राहिला तर वाहनमालकाचा, रात्री उठावे लागले तर तोडणीवाल्यांचा. सगळ्यांचे नुकसान करणारी अशी दुसरी गोष्ट या धंद्यात मला दिसत नाही. उसाच्या वाहनांना हंगामापुरते जीपीएस बसवायचे आणि गव्हाणीवरचा (ऊस गाळपाला टाकतात तिथला) वेग, यार्डातली रांग आणि फडातली तोड एकमेकांना दाखवायची, हे एका चांगल्या कारखान्याला एका हंगामात जमेल.

आता ड्रायव्हरबद्दल. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ट्रॅकिंग म्हटले की पहिला धाक त्यालाच बसतो. केबिनमध्ये कॅमेरा, वेगाचा अलार्म, जोरात ब्रेक मारला की मालकाला मेसेज. समृद्धीवर मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. एकसारख्या वेगाने चालली तर गाडी डिझेलही कमी खाते आणि टायरही टिकतात, म्हणून वेगाची नोंद मला योग्य वाटते. पण ज्या डबीतून ड्रायव्हरचा वेग दिसतो, त्याच डबीतून तो गेटबाहेर किती तास जागा होता हेही दिसते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच दिवसाचे आठ तास काम ठरवून दिले होते. गेटवर रात्रभर जागलेल्या माणसाला दुपारी गाडी भरून "उद्या सकाळी मुंबईत पाहिजे" असे सांगणे, हे कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही नाही. त्यात ई-वे बिलाची मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस. उतरवायच्या गावी दुसऱ्या गेटबाहेर गाडी अडकली की ती संपायला येते, आणि मुदत वाढवण्यासाठी फोनाफोनी सुरू. तोवर ताण सगळा त्याच्यावर. माझी विनंती अशी की ट्रॅकिंगची माहिती मागाल तेव्हा दोन्ही बाजूंची मागा. ड्रायव्हरला विश्रांती मिळालेली नाही असे नोंदीत दिसले तर डिलिव्हरीची वेळ पुढे ढकला, आणि ते करारातच लिहा. आणि गाडी खाली झाल्यावर, काम संपल्यावर तो माणूस कुठे आहे हे बघायचा हक्क तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या मागचा विचारही हाच आहे.

रस्त्याच्या माहितीबद्दल थोडक्यात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने कन्नडच्या औट्रम घाटातून जड वाहनांना बंदी झाली, तेव्हा कितीतरी गाड्या घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन मागे फिरल्या. असे बदल आपल्या सामाईक फलकावर त्याच दिवशी दिसले तर ते डिझेलही वाचेल. बाकी ते काम प्रशासनाचे आहे, तुमचे नाही.

काही जण म्हणतील की हे सगळे वरवरचे, खरा उपाय म्हणजे इलेक्ट्रिक ट्रक, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) वर चालणाऱ्या गाड्या, रेल्वे. रेल्वेबद्दल मी पूर्ण सहमत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा वॅगनमध्ये सुमारे पाच लाख लिटर पाणी. तेवढेच पाणी रस्त्याने आणायला किती टँकर लागले असते याचा हिशेब लातूरकरांना कुणी शिकवायला नको. जड आणि लांबचा माल रेल्वेनेच गेला पाहिजे, त्यात माझ्या धंद्याचे थोडे नुकसान झाले तरी. पण आमच्या भागातली लाईन पुष्कळ ठिकाणी एकेरी आहे, तिचे दुहेरीकरण व्हायला वेळ लागणार. इलेक्ट्रिक ट्रकची किंमत बघता माझ्यासारख्या माणसाला बँक दारातही उभे करणार नाही. रांग बंद करायला आणि परतीचा माल जुळवायला मात्र कर्ज लागत नाही. आणि उद्या इलेक्ट्रिक ट्रक आलाच, तर तोही रिकामा पळवायचा का?

आपल्याकडे हवामान हा आता परिसंवादाचा विषय राहिलेला नाही. २०१६ ला पाणी रेल्वेने आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात सिंदफणा, मांजरा, गोदावरी शेतांतून वाहिल्या, सोयाबीन उभे सडले, गोठ्यात बांधलेली जनावरे वाहून गेली. ज्यांचा माल आमच्या गाड्यांत भरायचा त्यांचा मालच उरला नाही. त्या महिन्यात आमच्या गाड्या दारात उभ्या होत्या. एका जिल्ह्याच्या ट्रकांनी पाऊस बदलत नाही, हे मला कळते. पण ज्या धुरातून कुणालाच काही मिळत नाही, ना तुम्हाला नफा, ना मला भाडे, ना ड्रायव्हरला भत्ता, तो तरी आपण का सोडायचा?

म्हणून माझी ठरावीक विनंती. येत्या गळीत हंगामाच्या आणि सोयाबीनच्या आवकेच्या आधी जालन्यात एक बैठक घ्या. त्यात डिस्पॅचची माणसे असू द्या, नुसते पदाधिकारी नकोत. रोलिंग मिलचा एखादा फोरमन, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, काट्यावरचा क्लार्क, एक-दोन दलाल, दोन-चार ड्रायव्हर आणि एखादा मुकादम असावा. त्यांना बोलू द्या, आधी तेच बोलू देत. मी माझ्या गाड्यांच्या गेल्या वर्षभराच्या नोंदी घेऊन येतो: कोणत्या ठिकाणी किती तास उभ्या राहिल्या, त्यात इंजिन किती तास चालले, कुठून कुठवर रिकाम्या आल्या. पार्टीची नावे झाकलेली असतील. ज्यांना आपल्या गेटचा आकडा हवा असेल त्यांना तो बाजूला बोलावून देईन. इतर वाहतूकदारांशीही माझे बोलणे झाले आहे, त्यांतले काहीजण नोंदी द्यायला तयार आहेत.

एक कारखाना, एक डाळमिल, एक रेक पॉइंट आणि एक साखर कारखाना, एवढे जरी तीन महिन्यांसाठी तयार झाले तरी सुरुवात होईल. तीन महिन्यांनंतर बिल्टीवरच्या वेळा काढून बघू. रांग कमी झाली नसेल तर तसेही उघडपणे सांगू आणि दुसरे काही करू. बैठकीची तारीख आणि जागा तुम्ही ठरवा. रविवार असला तर बरे, त्या दिवशी बरेच ड्रायव्हर घरी असतात.

आपला,
जालन्यातील एक वाहतूकदार